साहेब आले, मॅच थांबली. मग बॉल कोणाचा?

गेला आठवडाभर आपल्या इथल्या दोन-तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच वाद रंगलाय. शालेय बास्केटबॉलची एक मॅच लाइट गेल्यामुळे दुसऱ्या क्वार्टरमध्ये थांबली, वीस-पंचवीस मिनिटांनी पुन्हा सुरू झाली, आणि रेफ्रीने बॉल ज्या टीमकडे होता त्याच टीमला दिला. एक गट म्हणतोय हा सरळसरळ पक्षपात, जंप बॉल घ्यायला हवा होता. दुसरा म्हणतोय क्वार्टर पहिल्यापासून खेळवायला हवा होता. एका काकांनी तर "एवढा वेळ गेलाय, नाणेफेक करून टाकायची" असंही सुचवलं. मला पाच-सहा जणांचे फोन आले: सर, तुम्ही इतकी वर्षं शिट्टी वाजवलीत, तुम्हीच सांगा.

सांगतो. रेफ्री बरोबर होता. का, तेही सांगतो. पण त्याआधी माझी स्वतःची एक चूक सांगावी लागेल. थांबलेली मॅच पुन्हा कशी सुरू करायची हा नियम मला त्या चुकीनंतर कळला. तोवर तो मला फक्त पाठ होता.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलींची फायनल. सिमेंटचं ग्राउंड, दुपारचे साडेचार, एका बाजूला मांडव. लाल जर्सी आणि निळी जर्सी एवढंच म्हणतो, शाळांची नावं घेत नाही. जिंकणारी टीम पुढे विभागावर जाणार होती. ज्यांची मुलं खेळतात त्यांना माहीत आहे की पुढच्या पातळीवर जाणं म्हणजे नुसता कप नसतो. त्यात दहावी-बारावीचे सवलतीचे गुण असतात, पुढे कॉलेजची ॲडमिशन असते, आणि लांबचा विचार केला तर सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षणही असतं. पोरींना हे आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

शेवटच्या क्वार्टरचे ३४ सेकंद उरले होते. स्कोअर ४१-४०, लाल टीम एका गुणाने पुढे. बॉल निळ्या टीमकडे, लाल टीमच्या हाफमध्ये. लाल टीमच्या पोरींनी असा बचाव लावला होता की निळ्या टीमला रिंगकडे बघताही येत नव्हतं. आपल्याकडे तेव्हा २४ सेकंदांचं मशीन नव्हतं. टेबलवरची एक मुलगी हातात स्टॉपवॉच धरून शेवटचे दहा सेकंद मोठ्याने मोजायची. तिचं "सहा... पाच..." झालं आणि गेटवर फटाक्यांची माळ लागली.

साहेब आले.

माइकवाल्याने लगेच स्वागत सुरू केलं. हार घेतलेली चार माणसं, त्यांच्या मागे फोटोवाला, त्याच्या मागे आणखी दहा-बारा जण, असा सगळा लवाजमा सरळ कोर्टवरून मांडवाकडे निघाला. मी शिट्टी वाजवली. दुसरा इलाजच नव्हता, पळणाऱ्या पोरीची धडक बसून कोणाचा तरी दात पडला असता. संयोजकांपैकी एक जण धावत आला आणि म्हणाला, "सर, दोनच मिनिटं. साहेबांना पुढे कार्यक्रम आहे."

दोन मिनिटांची अठरा झाली. नारळ, हार, खेळाडूंची ओळख, ग्रुप फोटो, मग "मी जास्त वेळ घेणार नाही" म्हणून सुरू झालेलं भाषण. तोवर पोरी उन्हात रांगेत उभ्या. निळ्या टीमच्या मेन प्लेअरच्या पोटरीत गोळा आला होता, ती लंगडत खेळत होती. तिला बाकावर बसवून तिच्या मॅडमनी पाय चोळून दिला, पाणी पाजलं. त्यात त्यांचं काही चुकलं नाही, मी असतो तर मीही तेच केलं असतं.

आता मॅच पुन्हा सुरू करायची. माझ्याभोवती घोळका जमला. लाल टीमचे सर म्हणाले, "पाच सेकंद राहिलेत, पाचच द्या." निळ्या टीमच्या मॅडम म्हणाल्या, "नियमाने चौदा मिळतात सर, पुस्तक बघा." आणि माइकवाल्याने जाहीर करून टाकलं की आता साहेबांच्या हस्ते बॉल उडवून मॅच नव्याने सुरू होईल!

साहेबांच्या हस्ते जंप बॉल घ्यायला मी साफ नकार दिला. वातावरण जरा तापलं. साहेबांनीच हसून "राहू द्या, राहू द्या" म्हटलं म्हणून निभावलं. दबावाला बळी पडलो नाही, याचा मला त्या क्षणी इतका अभिमान वाटला की पुढचा निर्णय मी फुशारकीतच देऊन टाकला: बॉल निळ्या टीमचा, शॉट क्लॉक १४.

निळ्या टीमने अकराव्या सेकंदाला बास्केट केली. त्याच लंगडणाऱ्या पोरीने. ४२-४१. लाल टीमचा शेवटचा शॉट रिंगवर दोनदा नाचून बाहेर पडला.

स्कोअरशीटवर सही करत होतो तेव्हा लाल टीमची कॅप्टन जवळ आली. रडत नव्हती. म्हणाली, "सर, आम्ही एकोणीस सेकंद त्यांना अडवलं होतं. ते सेकंद कुठे गेले?"

मी म्हटलं, "नियम आहे बाळा."

रात्री घरी नियमपुस्तक काढलं. मी दिलेला निर्णय त्यात होता. अगदी शब्दाला शब्द. पण त्याच्या खालीच आणखी एक वाक्य होतं, आणि ते मी विसरलो होतो.

नियम साध्या भाषेत सांगतो, कारण ग्रुपवरच्या वादाचं उत्तरही त्यातच आहे. आपल्याकडे फिबाचे नियम चालतात. मॅच थांबली की रेफ्रीने पहिला प्रश्न विचारायचा: शिट्टी वाजली तेव्हा बॉल कोणाच्या ताब्यात होता? ज्याच्या ताब्यात होता, त्याचाच. थांबण्याचं कारण दोन्ही टीमशी संबंधित नसेल, म्हणजे लाइट गेली, कुत्रं शिरलं, घड्याळ बिघडलं, साहेब आले, तर बॉल त्या टीमकडून काढून घेण्याचा प्रश्नच येत नाही. जिथे खेळ थांबला त्याच्या जवळच्या रेषेबाहेरून थ्रो-इन घ्यायचा, फक्त बोर्डच्या बरोबर मागून नाही. मॅचचं घड्याळ जिथे थांबलं तिथूनच पुढे. फाउल, टाइमआउट, स्कोअर सगळं जसंच्या तसं.

बॉल कोणाच्याच ताब्यात नसेल तर? समजा रिबाउंडसाठी उड्या पडल्यात आणि लाइट गेली. तर ती जंप बॉलची परिस्थिती. पण म्हणून कोणी मध्ये जाऊन बॉल उडवायचा नाही. तो प्रकार मॅचच्या सुरुवातीला एकदाच. त्यानंतर टेबलवर बाण असतो. बाण ज्या टीमच्या बाजूने, तिला थ्रो-इन. पुढच्या वेळी बाण उलटा. नाणेफेकीचं काम तो बाण आधीच करून ठेवतो.

शॉट मारलेला असेल, बॉल हवेत असेल आणि तेवढ्यात रेफ्रीची शिट्टी वाजली, तर? तो बॉल लगेच मेला असं धरत नाहीत. आत गेला तर बास्केट धरायची. हातातून सुटलेला शॉट शिट्टीमुळे वाया जाऊ नये, एवढाच त्यामागचा विचार.

आता शॉट क्लॉक. इथेच माझी गाडी घसरली. कोणाशीच संबंध नसलेल्या कारणाने मॅच थांबली आणि थ्रो-इन स्वतःच्या हाफमधून असेल तर पूर्ण २४ सेकंद मिळतात. समोरच्या टीमच्या हाफमधून असेल तर १४ किंवा जास्त उरले असतील तेवढेच ठेवायचे, १३ किंवा कमी उरले असतील तर १४ करायचे. माझ्या मॅचमध्ये पाच उरले होते, म्हणून मी १४ दिले. इथपर्यंत बरोबर.

खालचं वाक्य असं, माझ्या शब्दांत: पण असं केल्याने समोरच्या टीमचं नुकसान होणार असेल असं रेफ्रीला वाटलं, तर घड्याळ जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे चालवायचं.

एवढंच नाही. फिबा नियमांसोबत अधिकृत खुलासेही काढते, त्यात उदाहरणं असतात. त्यातल्या एका उदाहरणात शेवटच्या क्वार्टरचे शेवटचे सेकंद चालू आहेत, स्कोअर बरोबरीत आहे, एका टीमने वीस सेकंद बॉल स्वतःकडे ठेवलाय, आणि घड्याळ बिघडल्यामुळे किंवा कोणीतरी कोर्टवर काहीतरी फेकल्यामुळे खेळ थांबवावा लागतो. उत्तर: त्याच टीमला बॉल, पण शॉट क्लॉकवर चारच सेकंद. नवीन वेळ दिला तर बचाव करणाऱ्यांवर अन्याय होईल म्हणून. ते उदाहरण मी वाचलेलं होतं. पण तिथे कोर्टवर फेकलेली वस्तू होती नि माझ्यासमोर साहेब होते, त्यामुळे दोन्हींचं नातं माझ्या डोक्यात जुळलंच नाही.

मग १४ सेकंदांचा मूळ नियम आहे तरी कशाला? कारण सहसा खेळ थांबल्याचा फायदा बचाव करणाऱ्यांना होतो. चढाई करणाऱ्यांची लय तुटते, रचना मोडते, आणि समोरच्यांना पुन्हा जागा पकडायला वेळ मिळतो. म्हणून चढाई नव्याने बांधायला थोडा वेळ भरून द्यायचा. पण माझ्या मॅचमध्ये उलटं झालं होतं. दमलेल्या मेन प्लेअरला अठरा मिनिटांची विश्रांती मिळाली, एकोणीस सेकंदांचा बचाव पुसला गेला, आणि वर मी नऊ सेकंद जास्तीचे दिले. म्हणजे खेळ थांबल्याचा सगळा फायदा एकाच बाजूला. "या थांबण्यात कोणाचं काय गेलं" हे बघणं माझं काम होतं. मी फक्त आकडा बघितला.

कोणी विचारेल, चूक कळली तर दुरुस्त का नाही केली? दुरुस्तीचेही नियम आहेत. फ्री थ्रो द्यायचा राहिला, चुकीचा दिला, भलत्याच खेळाडूने घेतला, किंवा गुण चुकून दिले वा रद्द केले, तर ती चूक सुधारता येते. पण तिलाही मुदत आहे: चुकीनंतर घड्याळ सुरू झालं की पहिल्यांदा बॉल डेड होईल, आणि तो पुन्हा लाइव्ह होईपर्यंतच. स्कोअर किंवा वेळ लिहिण्यात गडबड असेल तर क्रू चीफची स्कोअरशीटवर सही होईपर्यंत ती सुधारता येते. माझी चूक यातल्या कुठल्याच खान्यात बसत नव्हती. ती लिहिण्यातली चूक नव्हती, विचार करण्यातली होती. आणि मी सही करून बसलो होतो.

तुम्ही म्हणाल, जिल्ह्याच्या मॅचचं काय एवढं घेऊन बसलात. तर मोठ्या मॅचचं सांगतो. बास्केटबॉलमधला सगळ्यात गाजलेला वाद याच प्रश्नावरून झालाय.

१९७२, म्युनिक ऑलिंपिकची फायनल, अमेरिका विरुद्ध सोव्हिएत संघ. १९३६ साली बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये आल्यापासून अमेरिका एकही मॅच हरली नव्हती. शेवटचे ३ सेकंद उरले असताना सोव्हिएत संघ ४९-४८ असा पुढे होता आणि अमेरिकेच्या डग कॉलिन्सला दोन फ्री थ्रो मिळाले. पहिला आत. दुसरा मारायच्या बेतात असतानाच टेबलवरचा भोंगा वाजला. तरी त्याने मारला, तोही आत. ५०-४९ अमेरिका.

सोव्हिएत कोच कोन्द्राशिन यांचं म्हणणं, आम्ही दोन फ्री थ्रोंच्या मध्ये टाइमआउट मागितला होता, टेबलने दिलाच नाही. त्या वेळच्या नियमाप्रमाणे शेवटच्या फ्री थ्रोनंतर टाइमआउट मिळत नव्हता. रेफ्रींनी खेळ सुरू केला, सोव्हिएत बाकावरची माणसं टेबलकडे धावली, गोंधळ बघून खेळ थांबवला तेव्हा घड्याळात एक सेकंद उरला होता. आता प्रश्न आपलाच: पुन्हा सुरू करायचं ते एका सेकंदापासून की तीनपासून?

उत्तर द्यायचं काम रेफ्रींचं. ब्राझीलचे रिगेत्तो आणि बल्गेरियाचे अराबाजियान हे दोघे तिथेच होते. पण फिबाचे सरचिटणीस विल्यम जोन्स प्रेक्षकांतून खाली उतरले आणि तीन सेकंद द्या म्हणाले. चालू मॅचमध्ये असा हुकूम द्यायचा अधिकार त्यांना नव्हता. पण माणूस मोठा, कोण नाही म्हणणार? तीन सेकंदांनी खेळ सुरू केला तर घड्याळ नीट लावलेलंच नव्हतं. भोंगा वाजला, अमेरिकन खेळाडू जिंकलो म्हणून नाचायला लागले. पुन्हा थांबवलं. तिसऱ्यांदा तेच तीन सेकंद. या वेळी एदेश्कोने कोर्टच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला पास फेकला, अलेक्सांदर बेलोव्हने तो पकडून बास्केट केली. ५१-५० सोव्हिएत संघ.

अमेरिकेची तक्रार पाच जणांच्या समितीपुढे गेली. निकाल ३ विरुद्ध २, सोव्हिएत संघाच्या बाजूने. पाचांतले तिघे तेव्हाच्या कम्युनिस्ट देशांतले होते. रिगेत्तोंनी स्कोअरशीटवर सही करायला नकार दिला. अमेरिकन टीमने ती रौप्यपदकं कधीच स्वीकारली नाहीत.

मी ही मॅच अनेकदा डोक्यात खेळवून बघितलीय. सोव्हिएतांचं म्हणणं सगळंच खोटं होतं असं मला वाटत नाही. भोंगा नको त्या वेळी वाजला हे तर खरंच, म्हणजे टेबलवर काहीतरी गडबड झाली होती. टाइमआउट खरंच मागितला गेला असेल आणि टेबलमुळे हुकला असेल, तर तीन सेकंद हे उत्तर कदाचित न्याय्यही ठरलं असतं. आणि दुसऱ्यांदा घड्याळच लावलेलं नव्हतं, तर तो डाव पुन्हा घेणं भागच होतं. पण हे सगळं रेफ्रींनी टेबलशी बोलून, दोन्ही कोचना समोर घेऊन ठरवायला हवं होतं. ते वरून आलेल्या माणसाच्या शब्दावर ठरलं, म्हणून पन्नास वर्षं उलटली तरी कोणाचं समाधान नाही. जिंकलेल्यांचं सोनंही त्यामुळे वादात राहिलं.

माझ्या मॅचमध्ये मी वरून आलेल्या माणसाचं ऐकलं नाही, तरी चूक केली. म्हणजे दोन्ही गोष्टी लागतात: निर्णय रेफ्रीचाच हवा, आणि रेफ्रीने तो पूर्ण वाचून, विचार करून द्यायला हवा. नुसतं "मी कोणाला घाबरत नाही" एवढ्यावर न्याय होत नाही.

आता ग्रुपवरच्या मॅचबद्दल. लाइट गेली तेव्हा बॉल एका टीमच्या ताब्यात होता, आणि तो त्यांच्याच हाफमध्ये होता, हे दोन्ही बाजू मान्य करतात. म्हणजे बॉल त्यांचाच, थ्रो-इन तिथूनच, शॉट क्लॉक नवीन २४. नुकताच हाफमध्ये आलेला बॉल, दुसराच क्वार्टर, त्यामुळे समोरच्या टीमचं काही खास नुकसान झालं असंही दिसत नाही. क्वार्टर पहिल्यापासून खेळवायचं म्हणजे दोन्हीकडच्या पोरांनी केलेल्या बास्केटा पुसून टाकायच्या. तसं करायला नियमात कुठेही जागा नाही. त्या रेफ्रीला ज्यांनी शिव्या घातल्या त्यांनी निदान ग्रुपवरचे मेसेज तरी डिलीट करावेत. तो पोरगा पंचवीस वर्षांचा आहे, दिवसाला चार मॅच उन्हात पळतो, मानधन किती मिळतं ते विचारू नका.

पुढच्या महिन्यात पुन्हा स्पर्धा आहेत. म्हणून तीन विनंत्या.

पहिली, टेबलवर बसणाऱ्या मुलामुलींना. कुठल्याही कारणाने खेळ थांबला की लगेच कागदावर लिहा: मॅचच्या घड्याळात किती, शॉट क्लॉकवर किती, बॉल कोणाकडे आणि कुठे, बाण कोणाच्या बाजूने. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. वीस मिनिटांनी प्रत्येकाला आपापल्या सोयीचं आठवतं.

दुसरी, माझ्या रेफ्री मित्रांना. सुरू करण्याआधी दोन्ही कोच आणि दोन्ही कॅप्टनना एकत्र बोलवा, काय देताय आणि का देताय ते सांगा. सांगताना जर "का" पटकन तोंडात आलं नाही, तर समजा की नियमातलं एखादं वाक्य राहिलंय.

तिसरी, संयोजकांना आणि सगळ्या पक्षांच्या नेतेमंडळींना, हात जोडून. तुम्ही येता, बक्षिसं देता, कोर्टला निधी मिळवून देता, त्याबद्दल आभारच आहेत. पण हाफटाइमला नियमानेच पंधरा मिनिटं असतात. हार, नारळ, फोटो, भाषण सगळं त्यात बसतं. उशीर झालाच तर मॅच संपेपर्यंत बाजूला खुर्चीवर बसा. साहेब शांत बसून शेवटचे ३४ सेकंद बघतायत, हा फोटो हाराच्या फोटोपेक्षा जास्त चालेल, माझं ऐका.

आणि लाल जर्सीची ती कॅप्टन. आता ती पंचविशीच्या आसपास असेल. त्या दिवशी तुला मी "नियम आहे बाळा" म्हणालो होतो. नियम होता, पण मी तो अर्धाच वाचला होता. पाच सेकंदच द्यायला हवे होते. पुढे काय झालं असतं ते कोणालाच माहीत नाही, पण ते एकोणीस सेकंद तुमचे होते आणि ते माझ्या हातून गेले. हे तुला त्याच आठवड्यात शाळेत येऊन सांगायला हवं होतं. नाही आलो, कारण लाज वाटली.

ज्यांना वाटतंय लाइट गेलेल्या मॅचबद्दल मी अजूनही चुकतोय, त्यांनी जरूर लिहावं. फक्त आधी नियम वाचा, आणि त्याच्या खालचं वाक्यही वाचा.